सगळ्या फोटोंना एकच एडिट. पण ‘एकच’ म्हणजे काय?

लग्नसराईत सांगली-साताऱ्याकडचा फोटोग्राफर एका लग्नाचे हजारावर फोटो घेऊन स्टुडिओत परततो. एकेक फोटो उघडून त्याचा उजेड, रंग, कॉन्ट्रास्ट नीट करत बसला तर पुढच्या मुहूर्तापर्यंत अल्बम काही होणार नाही. म्हणून तो एक फोटो मनासारखा करतो, त्या सेटिंग्ज कॉपी करतो, बाकीचे सगळे फोटो सिलेक्ट करतो आणि पेस्ट मारतो. लाइटरूममध्ये याला ‘सिंक’ म्हणतात, डार्कटेबलमध्ये ‘स्टाइल’, मोबाइलवर आपण ‘प्रीसेट’ म्हणतो. काम तेच: एक एडिट, अनेक फोटो.

माझं पीएचडीचं काम पिकांच्या पानांच्या फोटोंवर आहे. पानाच्या फोटोवरून कॉम्प्युटरला रोग ओळखता येईल का, हा त्यातला मुख्य प्रश्न. तिथेही हजारो फोटो असतात आणि तिथेही बॅच एडिटिंगशिवाय गत्यंतर नसतं. फरक एवढाच की लग्नाचा फोटो छान दिसायला हवा आणि पानाचा फोटो खरा असायला हवा. या एका फरकामुळे ‘सगळ्यांना एकच एडिट’ हे साधं वाटणारं वाक्य बरंच अवघड होऊन बसतं. कसं, ते या लेखात बघू. गणित लागेल, पण गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता

आधी थोडी पूर्वतयारी. डिजिटल फोटो म्हणजे लाखो ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे: लाल, हिरवा, निळा. नेहमीच्या जेपेग फोटोत हे आकडे ० ते २५५ या पट्टीवर असतात. तिन्ही शून्य म्हणजे काळं, तिन्ही २५५ म्हणजे पांढरं, तिन्ही सारखे आणि मधले कुठले तरी म्हणजे करडं.

एडिट करणं म्हणजे या आकड्यांवर अंकगणित करणं. उजेड वाढवला तर तिन्ही आकड्यांना एकाच संख्येने गुणलं. व्हाइट बॅलन्स बदलला तर लाल, हिरवा, निळा यांना वेगवेगळ्या संख्यांनी गुणलं. कॉन्ट्रास्ट वाढवला तर मोठे आकडे आणखी मोठे केले, लहान आणखी लहान. बॅच एडिट म्हणजे हेच अंकगणित एका फोटोनंतर दुसऱ्या, दुसऱ्यानंतर तिसऱ्या फोटोवर न थकता करत जाणं. कॉम्प्युटरला यात काहीच अवघड नाही. अवघड आहे ते आपण त्याला नेमकं काय सांगतो ते.

कारण ‘एकच एडिट’ या शब्दांचे निदान तीन वेगळे अर्थ होतात.

पहिला: एकच आकडे. सगळ्या फोटोंचा लाल रंग ०.९ ने गुणा, निळा १.५ ने. फोटो कुठलाही असो, आकडे तेच.

दुसरा: एकच नियम. प्रत्येक फोटो बघा, त्याची सरासरी काढा आणि ती करड्यावर आणा. नियम सगळ्यांना सारखा, पण प्रत्येक फोटोला लागणारे आकडे वेगळे. कॅमेऱ्यातले आणि ॲपमधले ‘ऑटो’ मोड या जातीचे.

तिसरा: एकच कसोटी. प्रत्येक फोटोत रंग माहीत असलेली एक वस्तू ठेवा आणि ती वस्तू सगळ्या फोटोंत सारखी दिसेल इतकीच दुरुस्ती करा. इथेही आकडे दर फोटोला बदलतात, पण ते कशावरून ठरतात ती गोष्ट बदलत नाही.

उसाच्या भागात राहणाऱ्यांना हे लगेच समजेल. कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉली चढते. काटा बरोबर आहे का, हे तपासायचं तर माहीत असलेलं, प्रमाणित वजन त्यावर ठेवून बघतात. ही झाली कसोटी. आता समजा काट्याने ठरवलं, की समोर आलेल्या प्रत्येक ट्रॉलीचा आकडा सरासरीच्या आसपास आणायचा. नियम सगळ्यांना एकच, भेदभाव अजिबात नाही. पण भरगच्च भरलेली ट्रॉली आणि अर्धी ट्रॉली सारखीच मोजली जाणार. असा काटा कुणी चालवून घेईल का? फोटोंच्या बाबतीत मात्र हा काटा आपण रोज वापरतो, त्याचं नाव ‘ऑटो’.

कासचं जांभळं आणि करड्या जगाचा नियम

ऑटो व्हाइट बॅलन्सची सगळ्यात सोपी पद्धत एका गृहीतकावर उभी आहे: जगात सगळे रंग मिसळलेले असतात, म्हणून कुठल्याही फोटोची सरासरी काढली तर ती करडी यायला हवी. सरासरी पिवळट आली तर प्रकाश पिवळा असणार, मग निळा वाढवा. निळसर आली तर उलटं करा. आजच्या कॅमेऱ्यांतल्या पद्धती याहून बऱ्याच हुशार आहेत, पण फोटोतल्या दृश्यावरूनच प्रकाशाचा अंदाज बांधायचा, हे सूत्र त्यांच्यातही आहे.

बाजारपेठेचा, घराचा, चार माणसांचा फोटो असेल तर हे गृहीतक चांगलं चालतं. हळदीच्या कार्यक्रमात ते पहिल्यांदा गडबडतं. पिवळी साडी, पिवळे झेंडू, पिवळे गाल. कॅमेऱ्याला वाटतं, दिवाच पिवळा आहे. तो निळा वाढवतो आणि नवरीच्या गालावरची हळद फिकी पडते. अनुभवी फोटोग्राफर अशा वेळी ऑटो बंद करतो.

आता साताऱ्याच्या पश्चिमेला, साधारण पंचवीस किलोमीटरवर कासच्या पठारावर चला. जांभ्या दगडाचं हे पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात इथे दर काही दिवसांनी रंग बदलतो: सीतेची आसवं जांभळी-निळी, तेरडा गुलाबी, सोनकी पिवळी, गेंद पांढरे. समजा एखाद्या अभ्यासकाला बघायचंय की कुठल्या आठवड्यात कुठला रंग किती वाढला. तो एकाच जागी कॅमेरा लावतो, दर आठवड्याला फोटो घेतो आणि शेवटी सगळ्यांना ‘ऑटो कलर’ लावून टाकतो. काय होईल? समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ.

एका आठवड्यात फ्रेम भरून सीतेची आसवं आहेत. संपूर्ण फोटोची सरासरी: लाल १२०, हिरवा ९०, निळा १५०. तिन्हींची सरासरी १२०. करड्या जगाचा नियम म्हणेल, तिन्ही १२० वर आणा. म्हणजे लाल तसाच, हिरवा १.३३ ने गुणा, निळा ०.८ ने. आता फुलाचा एक ठिपका घ्या: १५०, ८०, १९०. दुरुस्तीनंतर तो होतो १५०, १०७, १५२. गडद जांभळ्याचा मळकट गुलाबी झाला. त्याच फोटोतल्या गवताचा ठिपका ८०, ११०, ६० असा होता. तो होतो ८०, १४७, ४८. गवत नको तितकं हिरवंगार झालं.

पुढे एका आठवड्यात फुलं संपली, नुसतं गवत आहे. सरासरी: ९०, १२०, ६०. नियम तोच. लाल तसाच, हिरवा ०.७५ ने, निळा १.५ ने. तोच गवताचा ठिपका ८०, ११०, ६० आता होतो ८०, ८३, ९०. निळसर राखाडी!

गवत तेच, ऊनही तेच धरलंय. पण एका आठवड्यात त्याचा हिरवा आकडा १४७ आणि दुसऱ्या आठवड्यात ८३. बदल गवतात झालेला नाही. शेजारी फुलं होती की नव्हती, एवढ्यावरून झाला आहे. आणि फुलांचा जांभळा रंग, जो मोजायला आपण निघालो होतो, तो नियमाने ‘चूक’ समजून पुसून काढला.

म्हणूनच झाडांच्या ऋतुचक्रावर कॅमेऱ्याने लक्ष ठेवणारे लोक ऑटोला हात लावत नाहीत. उत्तर अमेरिकेत ‘फेनोकॅम’ नावाचं कॅमेऱ्यांचं मोठं जाळं आहे. जंगलं, कुरणं, शेतं यांचे दिवसभर ठरावीक अंतराने फोटो घेऊन पालवी कधी फुटली, पानगळ कधी सुरू झाली हे त्यातून काढतात. तिथे कॅमेरा बसवतानाची एक ठाम सूचना असते: ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, सेटिंग कायमची एकच. पुढे प्रत्येक फोटोतून एक गुणोत्तर काढतात: हिरवा भागिले तिन्हींची बेरीज. यात गंमत अशी की ढग आला आणि तिन्ही आकडे सारख्याच प्रमाणात कमी झाले तर गुणोत्तर बदलत नाही, कारण वरचा-खालचा गुणक कटतो. पण ऑटो व्हाइट बॅलन्स तिन्ही आकड्यांना वेगवेगळं गुणतो. तो गुणक कटत नाही. म्हणून तो मुळातच बंद ठेवायचा.

तासगावचं पान: इथे चूक महागात पडते

आता सांगली जिल्ह्यात या. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ हा द्राक्षाचा पट्टा. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी होते, नवी कोवळी पानं येतात आणि नेमका त्याच वेळी परतीचा किंवा अवकाळी पाऊस आला की बागायतदाराची झोप उडते. डाऊनी, म्हणजे केवडा, याच ओल्या हवेत पसरतो. पानाच्या वरच्या बाजूला आधी फिकट पिवळसर, तेलकट दिसणारे डाग पडतात. हवा दमट राहिली तर खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते. पुढे कोरड्या थंडीत भुरीची भीती असते, तिची पांढरट-राखाडी पावडर पानावर आणि मण्यांवर येते.

सुरुवातीचा केवडा ओळखणं म्हणजे हिरव्या आणि किंचित पिवळसर हिरव्यातला फरक ओळखणं. सगळा खेळ त्या ‘किंचित’मध्ये आहे. लवकर कळलं तर वेळेवर फवारणी होते. नसताना आहे म्हटलं तर फुकटचं औषध, मजुरी आणि निर्यातीच्या मालात औषधाच्या अंशाची काळजी. असताना नाही म्हटलं तर घड जातो.

आता या फोटोंना बॅच एडिट कसं लावायचं? पहिला मार्ग: काहीच दुरुस्ती न करणं. पुन्हा सोपे आकडे घेऊ, या वेळी पट्टी मोठी, म्हणजे सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणातली. सकाळच्या कोवळ्या उन्हात निरोगी पान: लाल १००, हिरवा १६०, निळा ४०. ढगाळ दुपारी, डाऊनीची सुरुवात असलेलं पान: लाल ८५, हिरवा १६०, निळा ८०. पिवळेपणाचा अंदाज म्हणून हिरव्याच्या तुलनेत लाल किती ते बघू. निरोगी पान: ६२.५ टक्के. रोगट पान: ५३ टक्के. म्हणजे निरोगी पानच जास्त पिवळं! सकाळचं ऊन लालसर असतं, ढगाळ उजेड निळसर. आपण पान मोजलंच नाही, हवामान मोजलं.

दुसरा मार्ग: सगळ्यांना एकच आकडे. सगळ्या फोटोंना तोच गुणक लावला तर वरचा गोंधळ जसाच्या तसा राहतो. दोन्ही टक्केवाऱ्या एकाच प्रमाणात बदलतील, क्रम उलटाच राहील.

तिसरा मार्ग ऑटो. पानाने फ्रेम भरलेली असेल तर कास पठाराचीच गोष्ट पुन्हा. पान जितकं जास्त पिवळं, तितकी ऑटो त्याची पिवळाई कमी करणार. रोग जितका जास्त, तितका तो लपणार.

चौथा मार्ग: पानाशेजारी करड्या रंगाचं कार्ड. फोटोग्राफीच्या दुकानात हे मिळतं. पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं आणि तिन्ही रंगांना सारखंच वागवणारं. सकाळच्या फोटोत कार्डाचे आकडे आले २००, १८०, १२०. कार्ड तर करडं आहे; तिन्ही सारखे हवे होते. म्हणजे लाल ०.९ ने गुणा, निळा १.५ ने. निरोगी पान होतं ९०, १६०, ६०. ढगाळ फोटोत तेच कार्ड आलं १५०, १८०, २४०. इथे लाल १.२ ने, निळा ०.७५ ने. रोगट पान होतं १०२, १६०, ६०.

आता परत तुलना करा. निरोगी ५६ टक्के, रोगट ६४ टक्के. क्रम सरळ झाला. आणि ढगाळ उजेडातच निरोगी पानाचा फोटो घेतला असता तर तो ७५, १६०, ८० असा आला असता, १.२ आणि ०.७५ ने गुणून बघा, पुन्हा ९०, १६०, ६०. प्रकाश वेगळा, पान तेच, उत्तर तेच. आपल्याला हेच हवं होतं.

या सगळ्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: दुरुस्ती किती करायची, हे ज्या वस्तूचं मोजमाप चाललंय तिच्यावरून ठरवू नये. ते शेजारच्या कार्डावरून ठरवावं. पानावरून ठरवलेली दुरुस्ती पानाचंच लक्षण खाऊन टाकते.

फोल्डरनुसार एडिट: सगळ्यात छुपा धोका

पीएचडीच्या कामात मला सगळ्यात जास्त सावध करणारी गोष्ट रंगाहूनही वेगळी आहे. समजा निरोगी पानांचे फोटो एका दिवशी काढले आणि ‘निरोगी’ फोल्डरमध्ये टाकले. रोगट पानांचे दुसऱ्या दिवशी काढून ‘रोगट’ फोल्डरमध्ये. मग सोयीसाठी प्रत्येक फोल्डर उघडून त्याला शोभेल असा प्रीसेट लावला. आता कॉम्प्युटरला शिकवायला बसवलं तर तो पानं बघेलच असं नाही. तो प्रीसेट ओळखायला शिकेल. एका ढिगाचा कोपरा जरा उजळ, दुसऱ्याचा जरा काळपट, एवढं त्याला पुरतं. परीक्षेत तो शंभरपैकी शंभर आणेल, आणि बागेत नेला की गोंधळेल.

ही नुसती शंका नाही. पिकांच्या रोगांच्या फोटोंचा जगात सगळ्यात जास्त वापरला गेलेला संग्रह म्हणजे ‘प्लांटव्हिलेज’. त्यात १४ पिकांचे ५४,३०६ फोटो, पीक आणि रोग मिळून ३८ गट. पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले फोटो. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांनी त्यावर शिकवलेल्या मॉडेलने ९९.३५ टक्के बरोबर उत्तरं दिली. पण वेगळ्या परिस्थितीत काढलेले, बाहेरून मिळवलेले फोटो दिले तेव्हा हेच प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. हे त्या लेखकांनी स्वतःच्याच शोधनिबंधात लिहून ठेवलं, हे महत्त्वाचं. २०२२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला: पान बघायचंच नाही, फक्त पार्श्वभूमीचे ८ ठिपके बघून रोग ओळखायचा. तरीही ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. नुसता अंदाज मारला असता तर ३ टक्क्यांपेक्षा कमी आली असती. पानाचा एकही ठिपका न बघता निम्मी उत्तरं! म्हणजे फोटो कधी, कुठे, कुठल्या उजेडात काढला याची खूण त्या आठ ठिपक्यांत राहून गेली होती.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी. या संग्रहात द्राक्ष आहे, पण ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी, एवढेच चार गट. तासगावच्या बागायतदाराला ज्यांची धास्ती असते ते डाऊनी आणि भुरी त्यात नाहीत. म्हणून इथले फोटो इथेच, इथल्या मांडवाखाली काढावे लागणार. आणि ते काढताना हा फोल्डरचा घोळ पहिल्यापासून टाळावा लागणार.

कार्ड असलं तरी न सुटणाऱ्या अडचणी

कार्ड ठेवलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही.

मांडवाखालचा उजेड पानांतून गाळून येतो, त्यामुळे तो हिरवट असतो आणि कवडशांमुळे ठिकठिकाणी वेगळा. पान कवडशात आणि कार्ड सावलीत असेल तर कार्ड भलत्याच उजेडाची साक्ष देतं. कार्ड पानाला लागून, त्याच कलाने धरायला हवं.

बोर्डोची फवारणी झालेल्या पानावर मोरचूद आणि चुन्याचा निळसर-पांढरा थर असतो. त्याचा रंग कुठल्याही व्हाइट बॅलन्सने जाणार नाही, आणि जाऊही नये, कारण तो खरोखर तिथे आहे. पण बॅच एडिटमध्ये सॅच्युरेशन कमी केलं की हा थर आणि भुरीची पावडर सारखीच दिसू लागते. ‘नॉइज रिडक्शन’ लावलं तर भुरीचा बारीक खरखरीतपणाच गुळगुळीत होऊन जातो.

जिथे आकडा २५५ ला जाऊन टेकला, तिथली माहिती संपली. दवाच्या थेंबावरची चमक, भर दुपारचं कडक ऊन, अशा ठिकाणी नंतर उजेड कमी केला तर पांढऱ्याचा फक्त करडा होतो. खालचं पान काही परत येत नाही.

आकार लहान करणंही एडिटच असतं. बरीच मॉडेल २२४ बाय २२४ ठिपक्यांचा फोटो मागतात. मोबाइलचा ४,००० ठिपके रुंद फोटो तेवढा केला तर जवळपास अठरापट आकसतो. मूळ फोटोत ३० ठिपके रुंद असलेला सुरुवातीचा डाग दोन ठिपक्यांचाही उरत नाही. सगळ्यांना एकसारखं लहान केलं, पण रोग मात्र फोटोतून गेला. म्हणून आधी पानाचे तुकडे कापायचे, मग लहान करायचं.

आणि एक तांत्रिक मेख. जेपेगमधला १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा आहे, पण तो निम्मा प्रकाश नव्हे. साधारण २२ टक्केच प्रकाश आहे. डोळ्याला सोयीचं पडावं म्हणून ती पट्टी वाकवलेली असते. वर कार्डाचं जे गणित केलं ते सरळ पट्टीवर, म्हणजे रॉ फाइलवर किंवा आधी पट्टी सरळ करून करायचं असतं. थेट जेपेगच्या आकड्यांवर तोच गुणाकार मारला तर निकाल थोडा वाकडाच येतो.

मग करायचं कसं?

ज्यांना स्वतःच्या प्रकल्पासाठी असे फोटो हाताळायचे आहेत, त्यांच्यासाठी मी पाळते तो क्रम:

१. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या डिस्कवर, कुलूपबंद. इमेजमॅजिक नावाची फुकट आणि जबरदस्त प्रणाली आहे, एका ओळीत हजार फोटो बदलते. पण तिची ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा, वेगळं काही सांगितलं नाही तर, मूळ फाइलवरच लिहिते. परतीचा रस्ता नाही. लाइटरूम आणि डार्कटेबल मूळ फाइलला हात न लावता बदलांची नोंद वेगळी ठेवतात.

२. शक्य असेल तर रॉमध्ये फोटो. नाहीतर व्हाइट बॅलन्स एका सेटिंगवर पक्का करायचा. फिल्टर, ‘ब्यूटी’, ‘सीन ऑप्टिमायझर’ सगळं बंद.

३. प्रत्येक फोटोत कार्ड. निदान उजेड बदलला की, ओळ बदलली की, कार्डासह एक फोटो.

४. फोटोंचे गट उजेडावरून करायचे, रोगावरून कधीच नाही. सकाळच्या गटात निरोगी आणि रोगट दोन्ही हवेत, दुपारच्या गटातही दोन्ही.

५. दुरुस्ती कार्डावरून. बाकी पायऱ्या (क्रॉप, आकार, फाइलचा प्रकार) सगळ्यांना त्याच क्रमाने.

६. तपासणीसाठी दुसरी कसोटी. मी २४ रंगचौकोनांचं कार्ड वापरते; १९७६ पासून चालत आलेला हा नमुना आहे. करड्या चौकोनावरून दुरुस्ती करायची आणि पिवळा-हिरवा चौकोन सगळ्या फोटोंत सारखा येतोय का ते बघायचं. ज्याच्यावरून दुरुस्ती केली त्याच्यावरूनच तपासणी करण्यात अर्थ नाही. काट्याची दांडी ज्या वजनाने सरळ केली, त्याच वजनाने काटा बरोबर असल्याचं सिद्ध होत नाही.

७. काय केलं ते आकड्यांसकट लिहून ठेवायचं. ‘रंग थोडे नीट केले’ ही नोंद नव्हे.

शेतकऱ्यांसाठी आणि बाकी सगळ्यांसाठी

तुम्ही संशोधन करत नसाल, पण पानाचा फोटो कृषी सहायकाला, सल्लागाराला किंवा एखाद्या ॲपला पाठवत असाल, तर हेच तत्त्व सोप्या रूपात वापरता येतं. पानाला लागून पांढऱ्या कागदाचा तुकडा धरा. कागद कार्डाइतका चोख नसतो. पांढरा दिसावा म्हणून त्यात जे मिसळतात त्यामुळे तो उन्हात किंचित निळसर येतो. तरीही बघणाऱ्याला उजेडाचा अंदाज येतो. पानाची वरची आणि खालची, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. शेजारचं एक निरोगी पान त्याच फ्रेममध्ये येऊ द्या. तुलना तिथल्या तिथे होते. शेवटची फवारणी कशाची आणि कधी, ते सोबत लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो. आणि पाठवण्याआधी ‘जरा छान दिसावा’ म्हणून एन्हान्सचं बटण दाबू नका.

एखादं ॲप ९९ टक्के अचूक असल्याचं सांगत असेल तर एकच विचारा: ही परीक्षा कुठल्या बागेतल्या फोटोंवर घेतली? ज्या फोटोंवर शिकवलं त्याच संग्रहातल्या उरलेल्या फोटोंवर घेतली असेल, तर त्या आकड्याने तुमच्या बागेबद्दल फारसं काही कळत नाही. वेगळ्या तालुक्यातल्या, वेगळ्या मोबाइलच्या, वेगळ्या उजेडातल्या फोटोंवर घेतली असेल आणि आकडा ८० आला असेल, तरी मी दुसऱ्यावर जास्त विश्वास ठेवीन.

आणि लग्नाच्या अल्बमचं म्हणाल, तर तिथे प्रीसेट खुशाल मारा. फक्त हळदीच्या फोटोंचा गट वेगळा ठेवा.